नव्या उंबऱ्याची झीज

दोन हजार चोवीस साल. मी एकोणसत्तर वर्षांचा. आयर्लंडमधल्या मीथ काउंटीतल्या एका जुन्या घराच्या दारात गुडघे टेकून बसलो होतो, आणि एक शिकला-सवरलेला माणूस माझ्या डोक्यावर उभा राहून सांगत होता की मी केलेलं काम फार नवीन दिसतंय.

"नवीनच आहे," मी म्हटलं. "काल बसवलंय."

"तोच प्रॉब्लेम आहे, शंकर."

हा फर्गल. आर्किटेक्ट, पण घरं बांधत नाही. जुनी घरं जुनीच दिसावीत म्हणून त्याला डब्लिनहून बोलावतात. त्या कामाला कॉन्झर्वेशन म्हणतात. माणूस वाईट नाही. चहा दिला तर कप स्वतः धुऊन ठेवतो. पण त्या उन्हाळ्यात त्याने माझं डोकं जेवढं खाल्लं, तेवढं दुबईतल्या मुकादमानेही खाल्लं नव्हतं.

मी सुतार. आडनाव सुतार आणि धंदाही तोच. शाळा तिसरीत सुटली, म्हणजे मीच सोडली. कराडकडे दारं-चौकटी केल्या. मग दुबईत शटरिंग केलं, म्हणजे स्लॅब ओतायच्या आधी खाली लाकडाचा साचा ठोकतात ते. तिथून एका आयरिश कंत्राटदाराने इकडे आणलं, कारण तेव्हा डब्लिनमध्ये जिकडे बघाल तिकडे क्रेन उभी होती. आता रिटायर आहे. डब्लिनजवळ स्वोर्ड्सला मुलगा, सून आणि नातीबरोबर राहतो. मुलगा संदीप औषधाच्या प्लांटमध्ये इंजिनिअर आहे. त्याला इंजिनिअर करायला मी किती लाकूड रंधलं, हे त्याला अधूनमधून ऐकवावं लागतं.

घरी बसून माझे हात शिवशिवतात. सुनेच्या किचनमधल्या सगळ्या प्रेसची दारं, म्हणजे इथे कपाटाला प्रेस म्हणतात, मी दोनदा काढून परत बसवली. शेवटी तीच संदीपला म्हणाली, "अण्णांना कुठेतरी काम बघ, नाहीतर ते आता छत काढतील." संदीपच्या ओळखीतून बर्नाडेट भेटली. रिटायर्ड शाळामास्तरीण. त्या जुन्या घराचं म्युझियम करायला गावाने कमिटी नेमली होती, तिची ती अध्यक्ष. मला म्हणाली, "लाकूडकाम तुझं." मी हो म्हटलं.

आता घराचं सांगतो. ते त्या गावातलं पहिलं घर. खूप वर्षांपूर्वी सरकारने पश्चिम किनाऱ्यावरच्या खडकाळ भागातली गरीब कुटुंबं उचलली आणि इकडे जमीनदारांच्या मोकळ्या कुरणांवर वसवली. आपल्याकडे धरणग्रस्तांना जमीन देऊन दुसरीकडे बसवतात ना, तसंच. फक्त इथे धरण नव्हतं. पहिलं कुटुंब लॉरीतून आलं तेव्हा नवी घरं तयारच नव्हती. मग जमीनदाराच्या गुराख्याचं रिकामं घर त्यांना दिलं. जाड दगडी भिंती, वर गवताचं छप्पर, पुढे अर्धं दार. अर्धं दार म्हणजे दाराचे आडवे दोन तुकडे. खालचा बंद ठेवला की कोंबड्या आत येत नाहीत. वरचा उघडा ठेवला की उजेड येतो, आणि शेजाऱ्याला कोपर टेकून गप्पा मारता येतात.

त्या कुटुंबातली नोरा ही धाकटी मुलगी त्याच घरात जन्मली. तेवढी एकच आता हयात. वय नव्वदच्या आसपास. नर्सिंग होममध्ये असते, व्हीलचेअरवर. पहिल्याच दिवशी बर्नाडेटने मला सांगून ठेवलं होतं, "शंकर, हे सगळं नोरासाठी चाललंय. तिला एकदा आपल्या घरात जायचंय. डॉक्टर पुढच्या वर्षाचं काही बोलत नाहीत." उद्घाटन तिच्या हातून व्हायचं होतं. व्हीलचेअरसाठी मागच्या दाराला सिमेंटचा उतार केला होता. इन्शुरन्सचा माणूस येऊन तो बघून गेला, खूश झाला. तेवढ्यावर सगळ्यांनी तो विषय संपवला.

माझ्या वाट्याला पुढचं दार आलं. त्याचा उंबरा कुजला होता. फर्गलने हुकूम सोडला, "लाइक फॉर लाइक." म्हणजे जे काढाल, तसंच परत घाला. ओकच्या जागी ओक, तेवढीच लांबी, तेवढीच रुंदी. यात न समजण्यासारखं काय आहे? मी ओकचा चांगला जाडजूड तुकडा निवडला. चार बोटं उंच उंबरा काढला. दोन्ही टोकं चौकटीच्या खांबांत खाच करून अशी बसवली की सुईसुद्धा शिरणार नाही. गुण्या लावून काटकोन बघितला. बसवून झाल्यावर हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी फर्गल रुमालाने हळद पुसत होता. त्याला वाटलं, कुणीतरी केमिकल सांडलंय. हळद ओकमध्ये मुरली की निघत नाही, हे त्याला अर्ध्या तासाने कळलं.

"ते जाऊ दे," तो म्हणाला. "मधला खड्डा कुठाय?"

जुना उंबरा मधोमध झिजून बशीसारखा खोल झाला होता. इतकी माणसं त्यावर पाय देऊन गेली होती. फर्गलने कागदावर तो खड्डा काढलेला होता. मी तो बघितला होता. पण मला वाटलं, हे नुकसान दाखवलंय. कुजक्या दाताचं माप घेऊन कुणी नवा दात कुजका करतं का?

"खड्डा हाच इतिहास आहे," फर्गल म्हणाला. "तू तो कोरून काढ. कडा गोल कर. वापरल्यासारखा दिसला पाहिजे."

"त्यांच्या पायांनी जे केलं ते मी रंध्याने करू? खोटं खोटं?"

"खोटं नाही. मूळ आकार."

"मूळ आकार हा आहे. सरळ. ज्या सुताराने पहिला उंबरा बसवला, त्याने काय खड्डा पाडून बसवला होता?"

त्याने हातातल्या कागदाची घडी घातली. मग हळू आवाजात म्हणाला, "शंकर, प्लीज."

त्याला मी शेवटी खरं कारण सांगितलं. आमच्याकडे उंबऱ्यावर पाय देत नाहीत. ओलांडून जातात. लहान पोर पाय देऊन उभं राहिलं तर आई धपाटा घालते. ज्या घराचा उंबरा मधे झिजलाय, त्या घराला वळण नाही. असा उंबरा मी माझ्या हाताने करणार नाही. नव्या लाकडावर तर नाहीच नाही.

"पण हे घर तुमच्याकडचं नाही," फर्गल म्हणाला.

"हात माझेच आहेत की."

प्रकरण कमिटीत गेलं. बर्नाडेटच्या घरी सात-आठ माणसं, सँडविच, चहा, आणि एका उंबऱ्यावर चर्चा. एक म्हातारा म्हणाला, छान दिसतोय, असू दे. एक बाई म्हणाली, त्या पिवळ्या डागाचं काय? फर्गलने फोटो दाखवले, जुने-नवे शेजारी शेजारी. मला अर्धं कळत होतं, अर्धं कळून न कळल्यासारखं करत होतो. शेवटी बर्नाडेट कंटाळली.

"शंकरचा उंबरा ग्रँड आहे," ती म्हणाली. इथे ग्रँड म्हणजे ठीक आहे, चालेल. "चाकांना मागचं दार आहे. पायांनी येणाऱ्यांनी पाय उचलावेत. पुढचा विषय."

मी जिंकलो. संदीपला गाडीत सांगितलं तर तो म्हणाला, "अण्णा, तुम्ही प्रत्येक कामात कुणालातरी हरवायलाच जाता का?" त्याला काय कळतंय.

उद्घाटनाचा रविवार आला. ऊन पडलं होतं, म्हणून निम्मा गाव लवकर आला. फादर आले, गावचे कौन्सिलर आले, एक जण अकॉर्डियन घेऊन आला. दाराला हिरवी रिबन. मी इस्त्रीचा शर्ट घालून उभा. संदीप, सून आणि नातही आली होती. मी नातीला उंबरा दाखवला. ती म्हणाली, "आबा, इट्स लव्हली," आणि सँडविचकडे पळाली.

नर्सिंग होमची व्हॅन आली. केअररने, म्हणजे सांभाळणाऱ्या बाईने, नोराची खुर्ची खाली उतरवली. म्हातारी काडीसारखी, पण कोट कडक, ओठांना लिपस्टिक. केअरर तिला मागच्या बाजूला वळवायला लागली.

"कुठे चाललीस?" नोरा.

"मागून रॅम्प आहे, नोरा."

"मागच्या दाराने कोण जातं? कोंबड्या, आणि ज्यांना कुणी बघू नये अशी माणसं."

बर्नाडेट वाकून समजावायला लागली. नोराने हात वर केला. शाळामास्तरीण गप्प झाली, हे मी पहिल्यांदा बघितलं.

"घर बंद केलं त्या दिवशी मी पुढच्या दाराने बाहेर पडले," नोरा म्हणाली. "ज्या दाराने बाहेर पडलं त्याच दाराने आत. नाहीतर घराचं नशीब जातं. तुझ्या आजीला विचार. ती असती तर."

मला ते चटकन पटलं. असं काहीतरी सगळीकडे असतंच. पण बाकीच्यांची धावपळ सुरू झाली. दोन धट्टेकट्टे शेतकरी पुढे आले, खुर्चीसकट उचलतो म्हणाले. नोराने त्यांच्याकडे असं बघितलं की ते आपसूक मागे सरकले.

"एकदा मला आईने उचलून बाहेर आणलं, उजेड दाखवायला. एकदा चौघं उचलून नेतील. मधल्या वेळात मला कुणी उचलायचं नाही."

बर्नाडेटने शेडमधल्या दोन फळ्या आणवल्या, उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंनी टेकवायला. केअरर म्हणाली, "एवढ्या उभ्या चढावर मी ढकलणार नाही. पलीकडे उतरताना त्या तोंडावर पडतील, आणि जबाबदार मी." तिचं बरोबर होतं. उंची थोडी असली तरी उतार लांब लागतो, आणि लांब फळ्या आत बसायला जागा नव्हती. समोर टेबल, टेबलाला दोऱ्या, दोऱ्यांना पाट्या, 'हात लावू नये'.

मग नोराची नजर खाली गेली.

"हे काय आहे? आमचा असा नव्हता. मधे खड्डा होता. मी त्या खड्ड्यात बसून दूध प्यायचे. आई शेजारी बटाटे सोलायची. खड्डा कुठे गेला?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. फर्गलने मात्र नाही. तो आकाशाकडे बघत होता.

"युवर मॅनने केलाय," कुणीतरी म्हणालं. युवर मॅन म्हणजे इथल्या बोलीत 'तो अमका माणूस', म्हणजे मी.

नोराने मला बोटाने जवळ बोलावलं. "तू केलास?"

"हो."

"काम चांगलं आहे. बँकेच्या दाराला शोभेल."

"मॅडम, उंबऱ्यावर बसत नाहीत. आमच्याकडे चालत नाही."

"का?"

"लक्ष्मी तिथून आत येते. आमची देवी."

"तिला पाय आहेत?"

"आहेत की."

"मग तिचं बरं आहे." ती केअररकडे वळली. "चल परत. बाहेरून बघून झालं."

 केअररने खुर्चीचा ब्रेक काढला आणि व्हॅनकडे वळवली. अकॉर्डियनवाला उगीच एक सूर वाजवून थांबला.

मला इतका राग आला की कान तापले. फर्गलचा आला, कारण तो आता एक शब्द बोलत नव्हता. बर्नाडेटचा आला. मागच्या दाराच्या उताराचा आला. एवढी मोठी कमिटी, एवढी सँडविचं खाल्ली, आणि त्या बाईला कोणत्या दाराने आत यायचंय हे एकानेही विचारलं नाही. मीही विचारलं नाही, पण मी कमिटीत नव्हतो. सगळ्यात जास्त राग त्या लाकडाचा आला. इतकं सुरेख बसलं होतं.

"थांबवा तिला," मी म्हटलं आणि शेडकडे गेलो.

करवत, पटाशी, हातोडा घेऊन आलो. रिबन कात्रीची वाट न बघता बाजूला सारली. उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. मग खाली बसलो.

संदीप धावत आला. "अण्णा, काय करताय? सगळे बघतायत. हे त्यांचं आहे, परमिशन..."

"बघू देत. तू सर."

लाकूड आडवं खोल काढायचं असेल तर आधी करवतीने जवळजवळ चिरा मारतात, पाहिजे तेवढ्या खोल. मग पटाशीने मधल्या चकत्या उडवतात. विजेचं मशीन असतं तर लवकर झालं असतं, पण त्या घरात पुढे प्लगच ठेवला नव्हता. जुन्या घरात प्लग नसतो, हाही फर्गलचाच हुकूम. ओक कठीण. माझ्या खांद्यात जुनं दुखणं आहे. तिसऱ्या चिरेला घाम डोळ्यांत गेला.

बाजूला कुणीतरी बसलं. फर्गल. कोट काढून ठेवला होता.

"शंकर, मी काय म्हणतो..."

"तू काही म्हणू नकोस. दार धर, हलतंय."

त्याने धरलं. कौन्सिलरने बर्नाडेटला विचारलं, किती वेळ लागेल? ती म्हणाली, तुम्ही भाषण सुरू करा. त्याने केलं. गावाबद्दल, पूर्वजांबद्दल, रस्त्याबद्दल. हातोड्याच्या आवाजात कुणाला एक अक्षर ऐकू गेलं नाही. तो मात्र मनापासून बोलत होता.

नोरा व्हॅनजवळून परत आली होती. माझ्या पाठीमागे येऊन मुकादमासारखी बसली.

"डावीकडे अजून."

"चाक जाईल एवढं झालंय."

"चाकाचं नाही म्हणत. खड्डा डावीकडे जास्त होता. वडील त्या पायावर जोर द्यायचे."

मी डावीकडे घेतलं.

"अजून खाली."

"मॅडम, दाराखालून उंदीर येतील."

"येऊ देत. ते नेहमीच यायचे. तुझ्यापेक्षा त्यांना घर जास्त माहितीय."

लोक हसले. मला हसू आलं नाही. नव्या ओकच्या चकत्या उडत होत्या आणि त्यातली एकेक मला दिसत होती. तळाशी हळदीचा डाग कुठवर मुरलाय ते कळत होतं. पार आत गेला होता.

काम झालं. सुंदर नव्हतं. दातांनी खाल्ल्यासारखं दिसत होतं. केअररने हात फिरवून बघितला, मान हलवली आणि खुर्ची सरळ ढकलली. पुढची चाकं धक्का खाऊन आत गेली. मागची गेली. नोरा घरात होती.

आम्ही सगळे बाहेरच थांबलो. कुणी सांगितलं नव्हतं. उघड्या दारातून मला दिसत होतं. ती चुलीसमोर बराच वेळ बसली. मग म्हणाली, "चूल एवढीशी होती?" एवढंच. रडली वगैरे नाही. भिंतीवरचे फोटो तिने बघितले नाहीत, पाट्या वाचल्या नाहीत. एका खिळ्याकडे बोट करून म्हणाली, "हा नंतरचा आहे."

बाहेर पडताना त्याच दाराने. खुर्ची मध्यावर आली तेव्हा तिने केअररला थांबवलं. खुर्चीच्या पाय ठेवायच्या पट्टीवरून उजवा पाय सावकाश खाली घेतला, आणि चकचकीत काळा बूट उंबऱ्यावर टेकवला. दाबून. मी समोरच उभा होतो. तिने माझ्याकडे बघितलं.

मी वाट सोडून बाजूला झालो.

"ग्रँड," नोरा म्हणाली. "आता चला. मला इथला चहा नको, बर्नाडेट तो फार पातळ करते."

संध्याकाळी माणसं पांगली. फर्गल उंबऱ्यावर टॉर्च धरून वाकला होता. मला वाटलं, आता तरी दोन बरे शब्द बोलेल.

"कडा फार धारदार आहेत," तो म्हणाला. "कोरल्यासारखा दिसतोय."

मी हत्यारं पिशवीत भरली आणि गाडीत जाऊन बसलो. संदीपने स्वोर्ड्स येईपर्यंत रेडिओ लावला नाही. तेवढं त्याला कळतं.

माझं काही चुकलं असं मी आजही म्हणत नाही. उंबरा सरळच असतो आणि चार बोटं उंचच असतो. इतक्या वर्षांच्या कामावरून नव्या सुताराला एवढंच सांगीन की दाराचं माप घ्यायच्या आधी त्यातून कोण येणार आहे ते विचारून घ्यावं. नाहीतर तेच काम दोनदा करावं लागतं, आणि दुसऱ्यांदा भाषण ऐकत.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सोमवारी, दोन बस बदलून मी परत गेलो. घर बंद होतं, पण पुढच्या दारात बसायला किल्ली लागत नाही. छोटा रंधा काढला, मग कानस, मग पॉलिश पेपर. कडा गोल केल्या. खड्डा मधे खोल केला, डावीकडे जास्त. पाय कुठे पडतो, टाच कुठे घासते, याचा विचार करत करत घासत होतो. बर्नाडेट चहाचा थर्मास घेऊन आली आणि डोक्यावर उभी राहिली.

"आता हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "बाजूला हो. उजेड अडतोय."